कुलूप समोरच्या घरात

फौजदार केंद्रे मॅडमनी देवघराशेजारच्या खुंटीवरून नेटचा तो पांढरा डबा उतरवला आणि उलटा केला. मागे चिकटवलेल्या कागदावर हळदीकुंकवाचा थर बसला होता. त्याखालची अक्षरं वाचता येत नव्हती. त्यांनी अंगठा पुढे नेला, मग थांबल्या आणि तुळजाबाईंकडे पाहिलं.

"पुसू का?"

"पुसा की. खंडेनवमीला लावलं होतं. शिलाई मशीन, इळा, मिक्सर, समद्यालाच लावतो आम्ही. ह्यो बी त्यातलाच."

मॅडमनी रुमालाने कुंकू पुसलं, मोबाइलवर फोटो घेतला आणि डबा जपून पुन्हा खुंटीला अडकवला. त्याच्या अँटेनाच्या दोन शिंगांवर झेंडूचा वाळलेला हार होता, तो घसरून पडला. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाने पुढे होऊन तो उचलला आणि देवघरात ठेवला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

अहमदपुरात मार्केट यार्डाच्या मागच्या गल्लीत पोलिसांची गाडी अशी कुणाच्या दारात थांबत नसे. समोरच्या महामायाबाईंचं दार अर्धं लोटलेलं होतं. त्या दारामागे कुणी उभं आहे हे तुळजाबाईंना इथूनही कळत होतं.

मॅडमनी खुर्चीत बसून सगळं सावकाश सांगितलं. महामायाबाईंची लेक लुंबिनी नांदेडला नर्सिंग शिकून आली होती. तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात ती रुजू व्हायची होती. त्याआधी कुणीतरी तिच्या नावाने, तिचा फोटो लावून एक खोटं खातं उघडलं. तिचा फोन नंबर टाकला आणि खाली नको नको ते लिहिलं. मॅडमकडे त्याची छापील पानं होती, पण ती त्यांनी मांडीवर पालथी ठेवली. परक्या माणसांचे फोन येऊ लागले तेव्हा घरी कळलं. दवाखान्यापर्यंतही ते पोचलं होतं. सध्या थांबा, मिटलं की बघू, एवढंच तिथून उत्तर आलं. खातं आता बंद झालं होतं. ते ज्या नेटच्या कनेक्शनवरून चालवलं, त्याचा माग कंपनीने काढून दिला होता.

"ते कनेक्शन तुमच्या नावावर आहे, आजी."

तुळजाबाईंनी डब्याकडे पाहिलं. त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. दोन दिवे एका लयीत, तिसरा आपल्याच नादात. रोज त्या दिव्यांकडे पाहताना त्यांना टाळकऱ्यांची रांग आठवायची.

"आधार माझंच दिलं होतं," त्या म्हणाल्या. "मालक गेल्यावर समदं माझ्याच नावावर."

"कोण कोण वापरतं?"

"ज्याला पाहिजे तो."

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"गल्लीला."

"काय आहे पासवर्ड?"

"रामकृष्णहरी."

"राम कृष्ण हरी, माउली," दाराशी उभा असलेला शिपाई सवयीने बोलून गेला, आणि मॅडमनी मान वळवताच भिंतीकडे बघत राहिला.

कुणी हसलं नाही. मॅडमनी पेनचं टोपण लावलं.

हा पासवर्ड तुळजाबाईंनी हौसेने ठेवून घेतला होता. धाकटा लेक दयानंद बसस्टँडजवळ मोबाइलच्या दुकानात काम करायचा. त्यानेच हे नेट घरात आणलं. त्याला आकडे आणि चिन्हं घातलेलं काहीतरी अवघड ठेवायचं होतं. पण नेट बसलं ते सप्ताहाच्या दिवसांत. आदल्याच संध्याकाळी कीर्तनकार महाराजांनी निरूपणात सांगितलं होतं की घरातलं दुसरं काहीही वाटलं तर कमी होतं, नाम तेवढं वाटल्यानं वाढतं. तुळजाबाईंनी ते गाठीला बांधलं. ज्याला नेट लागेल त्याच्या बोटानं एकदा तरी नाम लिहिलं जाईल, यापरतं पुण्य कोणतं? दारात पाण्याचा रांजण ठेवावा तसं त्यांनी नेट ठेवलं. ओट्यावर बसून किराणा दुकानाचे लिंबाजी भाव बघत. उदगीरकडून लेकाकडे राहायला आलेल्या गुरम्मा इथूनच बिदरच्या नातवंडांशी कानडीत बोलत. मार्केट यार्डात माल घेऊन आलेले, गाडीची वाट बघत थांबलेले, कोण कुठले ते माहीत नाही, सगळ्यांना त्या आनंदाने सांगत. समोरचा माणूस इंग्रजी अक्षरं टाकत असताना आपण मोठ्याने नाम घेत.

आणि रोज दुपारी जेवणं आटोपली की त्या याच नेटवरून टीव्हीवर कीर्तन लावत. डोळे मिटून, मांडीवर ताल धरून ऐकत. रात्री शेजारती झाली की देवघरातला दिवा आणि डब्याचं बटण एकाच हाताने बंद करत.

"रोज बंद करता?" मॅडमनी विचारलं. "मग यात काही राहिलं नसणार. बंद केला की कोण कोण जोडलं होतं ते हा विसरतो."

"माय, तुला किती डाव सांगितलं," स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला दयानंद म्हणाला, "पासवर्ड प्रसादासारखा वाटू नको म्हणून. आता भोग."

त्याच्या पाठीमागून थोरली सून सुकन्या म्हणाली की भावजी, ही वेळ हाय का बोलायची.

मॅडम उठल्या. घराच्या नळाला कुणीही तोंड लावलं तरी नळ ज्याच्या अंगणात तोच जाब देतो, एवढं त्यांनी समजावून सांगितलं. कोण कोण येऊन गेलं ते आठवून ठेवा, म्हणाल्या. दारातून बाहेर पडताना दयानंदकडे बघून त्यांनी त्याचं नाव विचारलं, दुकान विचारलं, आणि गाडीत बसल्या.

त्या दिवशी टीव्ही लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सुकन्याने दोनदा सुचवलं की निदान पासवर्ड तरी बदलू. तिच्या शाळेचं सगळं काम त्या नेटवर चालायचं. सुदर्शन, तिचा नवरा, एसटीत कंडक्टर. तो नांदेडच्या फेरीवरून आला तेव्हा तोही तेच म्हणाला. दयानंद तर लगेच खुंटीपाशी गेला.

"मी बदलतो. दोन मिनिटांचं काम."

"राहू दे," तुळजाबाई म्हणाल्या.

"राहू दे म्हणून कसं? उद्या आणखीन कुणी काय केलं तर?"

"राहू दे म्हणलं ना. बटण बंद कर नुसतं."

त्याने बटण बंद केलं. हिरवे दिवे विझले आणि त्या कोपऱ्यात आता समईचा एकटा उजेड राहिला. तुळजाबाई माळ घेऊन बसल्या. पण नाम ओठावर आलं की त्याच्यामागून दुसरंच काही यायचं. ज्याने लुंबिनीबद्दल ते लिहिलं, त्याने आधी हे नामच लिहिलं होतं. हे टाकल्याशिवाय त्याला आत येताच आलं नसतं. त्यांनी माळ देवापुढे ठेवली आणि तशाच बसून राहिल्या.

गल्लीत नळ आला तेव्हा त्या स्वतः घागर घेऊन बाहेर पडल्या. सुकन्या नको म्हणत होती. बायकांची रांग लागली होती, आणि महामायाबाई रांगेत पुढे होत्या. एरवी तुळजाबाई आल्या की त्या म्हणायच्या, अक्का, तुमची घागर आधी लावा. आज त्यांनी आपला पाइप नळाला लावला आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पाण्याचा आवाज तेवढा राहिला.

तुळजाबाई त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"लुंबिनी जेवते का?"

"घास दोन घास."

"बाहेर पडते?"

घागर भरून वाहू लागली तरी महामायाबाईंनी पाइप काढला नाही. मग म्हणाल्या, "अक्का, मी तुमच्यावर आळ घेत न्हाई. पण कुठून गेलं म्हणून कुणी विचारलं तर तुमचंच घर सांगावं लागतं मला. तेच लई जड जातंय."

"ते खरंच हाय. माझ्याच घरातून गेलं." तुळजाबाईंनी पाइप उचलून दुसऱ्या घागरीत सोडला. "महामाया, पोरीला पाठव माझ्याकडं. त्या डब्याला कुलूप लावायचंय. ते तिनंच लावावं."

"कामून? तुमच्या घरात शिकलेली माणसं न्हाईत का?"

"हायत. पण मी कुणाकुणाला दिलं, मलाच आठवंना. ज्यानं हे केलं त्यालाबी मीच दिलं असंल, कौतिकानं. आता त्याची किल्ली माझ्या घरात नको."

महामायाबाईंनी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही घागरी उचलून त्या पायऱ्या चढून गेल्या.

लुंबिनी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. उंबऱ्याबाहेर जरा थांबली, गल्लीत डावीउजवीकडे पाहिलं आणि आत आली. चेहरा उतरला होता; पण केस नीट विंचरले होते, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी लावली होती. दवाखान्यात कामाला निघालेली वाटावी अशी. सुकन्याने सतरंजी टाकली. लुंबिनीने डबा खाली घेतला, पुसला, बटण सुरू केलं आणि स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी उघडून बसली.

तुळजाबाई समोर बसल्या. "मला समजंल असं सांग. मी लई दिवस न समजताच वापरलं."

लुंबिनीने मान वर केली नाही, पण सांगितलं. बाहेरून बघणाऱ्याला या घराचा एकच नंबर दिसतो. आत दोघं असोत की सारी गल्ली असो, जे जाईल ते या घराचं म्हणून जातं. या डब्याला खरं तर दोन कुलुपं असतात. एक नेटचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसरं खुद्द डब्याचं. ते कंपनीने मागच्या कागदावर छापून दिलेलं असतं आणि कुणीच बदलत नाही. ज्याला ते सापडलं तो घरच्यांना न कळता हवं ते करू शकतो.

"त्यावर तर मी कुंकू लावून ठेवलं होतं," तुळजाबाई म्हणाल्या.

लुंबिनीच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू होतं की काय ते कळायच्या आत विरलं. "ते कुलूप पहिलं बदलते. मग नेट दोन करते, मावशी. घराचं येगळं, गल्लीचं येगळं. गल्लीच्या नेटवर आलेल्याला तुमच्या टीव्हीला, सुकन्याताईच्या लॅपटॉपला हात लावता येणार न्हाई."

"म्हंजी ती घाण बी माझीच म्हणून गेली."

लुंबिनीचं मोबाइलवरचं बोट थांबलं. "हाव. तुमची म्हणून गेली."

तिने ते टोचून म्हटलं नव्हतं. रुग्णाला ताप किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. तुळजाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"पासवर्ड काय ठेवू?" लुंबिनीने विचारलं.

"मला सांगू नको."

आता तिने वर पाहिलं.

"मला सांगितलं की मी कुणाला तरी सांगणार. सोभावच तसा हाय माझा. तुझ्यापाशी ठेव. ज्याला पाहिजे त्यानं तुझ्याकडं यावं."

स्वयंपाकघरात भाकरी थापणारा सुकन्याचा हात थांबला. "आम्ही बी, आत्याबाई?"

"आपुन बी."

हे ओझं आहे की मान, याचा लुंबिनी अंदाज घेत असावी. मग म्हणाली, "मी तोंडानं कुणालाच सांगणार न्हाई. फोन माझ्या हातात द्यावा लागंल. मी टाकीन आन् परत दीन."

"तसंच कर."

तिने टीव्हीत घातलं, सुकन्याच्या फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये घातलं. निघताना टीव्ही लावून बघितला. कीर्तन सुरू झालं. मृदंगाच्या पहिल्या थापेला तुळजाबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी हात जोडले, ते टीव्हीकडे की पोरीकडे ते त्यांचं त्यांना ठाऊक.

पहिल्यांदा गुरम्मा गेल्या. नातवाचा चेहरा दिसल्याशिवाय त्यांना घास जात नसे. "अव्वा! नेट इथं, चावी तिथं," असं ओट्यावर बसून पुटपुटत होत्या, शेवटी काठी टेकत गल्ली ओलांडून गेल्या. महामायाबाईंच्या पायऱ्यांपाशी जरा थबकल्या. या गल्लीत सणासुदीला महामायाबाई सगळ्यांकडे जात. त्यांच्या पायऱ्या मात्र फार कुणी चढलेलं नव्हतं. ते कुणी ठरवलं नव्हतं, कुणी मोडलंही नव्हतं. गुरम्मा चढल्या. बऱ्याच वेळाने परतल्या त्या लुंबिनीने रक्तदाब मोजून दिला हे सांगत. पोरीचा हात हलका आहे, म्हणाल्या.

मग लिंबाजी गेले. फोन देताना त्यांनी घसा खाकरून एवढंच म्हटलं की बेटा, आम्हाला सगळं ठाऊक आहे, तू मान खाली घालू नको. लुंबिनीने फोन हातात घेतला, कुणाचा आहे विचारून आपल्या मोबाइलवर नाव लिहिलं, आणि काम करून परत दिला. सुदर्शन दोन दिवस कुरकुरला. घर आपलं, कनेक्शन आपलं आणि परवानगी समोरून घ्यायची. सुकन्याने आपल्या फोनवरून देते म्हटलं तर तुळजाबाईंनी तिला अडवलं. ज्याचं त्यानं जायचं. शेवटी ड्युटीवर निघताना गणवेशातच तो तिकडे गेला, तेव्हा महामायाबाई म्हणाल्या, कंडक्टरसाहेब, आज तुमचंच तिकीट फाडायची पाळी. दोन्ही घरांत त्यावर हसणं झालं. कितीतरी दिवसांनी.

केंद्रे मॅडम पुन्हा आल्या तेव्हा ही नवी रीत ऐकून त्यांनी मान हलवली. तपास थांबलेला नव्हता. खातं कोणत्या फोनवरून उघडलं त्याचं उत्तर यायला वेळ लागेल, कदाचित येणारही नाही, असं त्यांनी महामायाबाईंच्या दारात उभं राहून सांगितलं. तो फोन हाती लागला तर मग काही लपून राहत नाही, पुसलेलंही निघतं. पण गल्लीभर फोन कसे जप्त करणार. लुंबिनीने विचारलं, तोवर दवाखान्याला काय सांगू. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तुळजाबाईंनी आपल्या ओट्यावरून हे सगळं ऐकलं.

दयानंद गेला नव्हता.

ते तुळजाबाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. तो दुकानात दिवसभर असायचा, घरी आला की गच्चीवर जायचा. आधी जेवताना त्याचा फोन ताटाशेजारी क्रिकेट लावून उभा असे. आता पालथा पडलेला असे. एकदा विचारलं तर म्हणाला, जाईन की. पुन्हा विचारलं तर म्हणाला, फोनात नेट टाकलंय, घरच्याची गरज काय. गुरम्मा ओट्यावर बसून सहज बोलून गेल्या की तुमचा दया बसस्टँडच्या चहावाल्याकडचं नेट वापरून राहिला, लाजतो की काय पोरीसमोर. तुळजाबाई हसल्या. मग हातातली वात वळता वळता मध्येच थांबल्या.

उन्हाळ्यात त्याच्या तोंडी सारखं लुंबिनीचं नाव असायचं. लुंबिनी नांदेडहून कोणत्या गाडीने आली, लुंबिनीला स्टँडवरून मोटरसायकलवर आणलं, लुंबिनी म्हणे नांदेडलाच राहणार. एकदा सुकन्याने चिडवलंही होतं, आणि तुळजाबाईंनी तिला गप्प केलं होतं. पोळ्याच्या सुमारास ते थांबलं. लुंबिनी स्टँडवरून रिक्षाने येऊ लागली. तेव्हापासून दयानंदच्या तोंडून तिचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. तो "समोरचे" म्हणत असे.

त्यांनी वात पुरी वळली. दुसरी घेतली, तीही वळली. संध्याकाळी हरिपाठाला बसल्या तेव्हा सुकन्याने पाहिलं की आत्याबाई टाळ वाजवत नाहीत, नुसते हातात धरून बसल्या आहेत.

रविवारी दुकान बंद असे. दुपारी दयानंद जेवायला बसला. तुळजाबाईंनी स्वतः वाढलं. वरण, गरम भाकरी, त्याला आवडतो तो तिखट ठेचा. समोर बसून राहिल्या.

"लुंबिनी घरी हाय आज."

"असंल."

"जाऊन ये."

"माय, माझ्या फोनात नेट हाय. सतरांदा सांगितलं."

"हाय तरी जा. एक डाव फोन तिच्या हातात दे आन् ये."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. सुकन्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, दोघांकडे पाहिलं आणि तांब्या खाली ठेवून आत गेली.

तुळजाबाईंनी हात लांब करून ताटाशेजारचा फोन उचलला. "मग मीच देऊन येते."

त्याचा वरणाने भरलेला हात त्यांच्या मनगटाभोवती आला. पकड घट्ट नव्हती.

"माय. नको."

त्या थांबल्या. आणखी एखादा शब्द येईल म्हणून थांबल्या. फोन बिघडला आहे, तिच्याकडे जायची लाज वाटते, काहीही म्हणाला असता तरी त्यांनी मानून घेतलं असतं. तेवढी जागा त्यांनी मनात ठेवली होती. तो ताटाकडे बघत होता. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. लहानपणी ताप चढला की अशीच व्हायची आणि त्या रात्रभर त्याच्या कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवत.

त्यांनी त्याची बोटं मनगटावरून हलकेच सोडवली.

"जेव," म्हणाल्या. "अन्नावरून उठू नको."

बाहेर उन्हाने गल्ली पांढरी झाली होती. लिंबाजींच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. तुळजाबाईंनी फोन पदराखाली धरला आणि गल्ली ओलांडली. लग्न होऊन या घरात आल्यापासून या पायऱ्या रोज नजरेसमोर होत्या. त्यांच्या कडा इतक्या झिजलेल्या असतील असं इकडून कधी वाटलं नव्हतं. भिंतीला हात टेकून त्या चढल्या.

लुंबिनी दाराजवळ पुस्तक घेऊन बसली होती, लगबगीने उठली. आतून महामायाबाई ओले हात पुसत आल्या आणि अक्का तुम्ही, म्हणत खुर्ची ओढू लागल्या. लुंबिनीने सवयीने हात पुढे केला.

"कुणाचा हाय, मावशी?"

"दयाचा."

पुढे आलेला हात तसाच राहिला.

"ते न्हाई आले?"

"न्हाई."

लुंबिनीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मनगटावरच्या वरणाच्या डागाकडे पाहिलं. खुर्ची ओढण्याचा आवाज थांबला. तुळजाबाईंनी पदराखालून फोन काढला, पोरीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं आपल्या दोन्ही हातांनी त्यावर मिटवली.

"पासवर्ड टाकू नको यात. केंद्रेबाईला फोन लाव. त्या येईस्तवर मी इथंच बसते."

"अक्का," महामायाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची तुळजाबाईंपाशी सरकवली.

लुंबिनीचा आवाज अगदी खाली गेला. "मावशी, तुम्ही काय देऊन राहिल्या, कळतंय का तुम्हाला?"

"हाव."

तुळजाबाई खुर्चीत बसल्या. तिथून त्यांचं घर पूर्ण दिसत होतं. उघडं दार, दारामागचा अंधार, आत देवघरातली समई. थोड्या वेळाने त्या अंधारातून दयानंद बाहेर आला. मोटरसायकल ओट्याला लागूनच उभी होती, किल्ली तिलाच लटकत होती. तो तिच्याकडे गेला नाही. हात न धुताच पायरीवर बसला, आणि समोर बघत राहिला.